माझ्या ढिगात सडकं नाही

सकाळचे साडेनऊ. अक्षय्य तृतीया चार दिवसांवर. घाटाच्या पायथ्याचं शंभू महादेवाचं देऊळ. ओवरीत तीन माणसं, बाहेर उन्हात हळद संशोधन संस्थेची जीप.

"...मग आधी कोण, अप्पा? माशी की बुरशी?"

डॉ. शिवदास खरमाटे यांनी हे विचारलं खरं, पण उत्तर ऐकायला नव्हे. उत्तर त्यांच्या मांडीवरच्या जाड अहवालात होतं. हाच प्रश्न एके काळी कृषी महाविद्यालयाच्या वर्गात त्यांना विचारला गेला होता, आणि विचारणारे गृहस्थ आता समोर बसून शेंगा सोलत होते. प्राध्यापक विरूपाक्ष हळिंगळी, विद्यार्थ्यांचे अप्पा. पिकांच्या रोगांवर जन्म घालवलेला माणूस. निवृत्तीनंतर ते या देवळामागच्या खोलीत राहायला आले. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात बंडी. घाटावरची माणसं येता-जाता पाया पडू लागली, स्वामी म्हणू लागली. अप्पा वैतागायचे.

"मी स्वामी नाही रे बाबा, पेन्शनर आहे."

"व्हय स्वामी," म्हणून माणसं पुन्हा पाया पडायची.

आज अप्पांनी प्रश्न ऐकला, एक शेंग फोडली, दाणे पुढे केले.

"तू सांग. तू शोधून आलायस."

खरमाटे याच क्षणासाठी आले होते. त्यांनी घसा साफ केला.

हळदीच्या गड्ड्याला दोन शत्रू. एक कंदमाशी, लांब पायांची, काळी, डासासारखी दिसणारी. ती खोडाशी अंडी घालते, अळ्या जमिनीत उतरून गड्डा पोखरतात. दुसरी बुरशी. तिनं गड्डा कुजतो, पाणी सुटतं, नाकाशी धरवत नाही. संस्थेत कीटकवाले म्हणायचे, बुरशीनं गड्डा आधी कुजतो, त्या वासावर माशी येते. दोष आमच्या खात्याचा नाही. रोगवाले म्हणायचे, अळी आधी भोक पाडते, त्या भोकातून बुरशी शिरते. दोष आमच्या खात्याचा नाही. दोन्ही खात्यांची दारं समोरासमोर होती आणि मधल्या व्हरांड्यातून चहासुद्धा इकडचा तिकडे जात नव्हता.

"मी जाळीखाली वाफे लावले, अप्पा. काहींत नुसती माशी सोडली. गड्डा जखमी झाला, पण तगला. काहींत नुसती बुरशी. थोडं नुकसान, बाकी पीक उभं. आणि काहींत दोन्ही..." खरमाट्यांनी तळहात उपडा केला. "बेटच्या बेट गेलं. खोड ओढलं की हातात यायचं. अळी बुरशीला दार उघडते, बुरशी माशीला बोलावणं धाडते. आधी कोण, हा प्रश्नच चुकीचा होता. दोघी मिळून एकच रोग आहेत."

खरमाटे वाट पाहत होते. पुरस्कार मिळाले होते, परदेशात टाळ्या पडल्या होत्या; पण या म्हाताऱ्याच्या तोंडून एक शब्द...

"बरोबर आहे," अप्पा म्हणाले.

खरमाट्यांना भरून आलं.

"पैकीच्या पैकी गुण. माझा प्रश्न चुकीचा होता, तू सुधारलास. आता जा."

"जा?"

"उत्तर द्यायला आला होतास ना?"

खांबाला टेकून बसलेली बाई खुदकन हसली. केराबाई शेलार. घाटावरच्या उंबरमाळची सरपंच. ती पहाटेच घाट उतरून आली होती आणि खरमाटे आल्यापासून एकदाही पदर नीट करायला उठली नव्हती. साहेब आला म्हणून उठण्याचे दिवस तिच्या लेखी संपले होते.

"डागतर कशाला आलेत, मी सांगते अप्पा. त्यांना तुमची मान पायजे. अशी." तिनं मान खालीवर हलवली. "तुमी हलवलीत की वरची सहा गावं हलवत्यात."

तिनं तिरकं म्हटलं, पण होतं ते खरंच. घाटमाथ्यावर सात गावं. गेल्या वर्षी उंबरमाळनं संस्थेचं सुधारित बेणं लावलं. भादव्यात अख्खं रान पिवळं पडलं आणि कार्तिकापर्यंत कुजून गेलं. आता उरलेल्या सहा गावांना तेच बेणं द्यायचं होतं. संस्थेच्या शेडमध्ये ढीग तयार होता, गाड्या सांगून ठेवल्या होत्या. पण गावं अडून बसली. अप्पा हो म्हणाले तर घेऊ, म्हणाली. आपापलं जुनं बेणं त्यांनी झाडाखाली, पाल्यात झाकून तसंच ठेवलं होतं.

"अप्पा, उंबरमाळचं काय झालं ते या अहवालात आहे," खरमाटे म्हणाले. "मी काही लपवलेलं नाही. जास्तीचा पाऊस, पाण्याचा निचरा नाही, माशी आणि बुरशी. सगळ्यांचा संयुक्त परिणाम. कोणा एकाचा दोष काढता येत नाही."

"कोणा एकाचा काढता येत नाही."

"शास्त्रीयदृष्ट्या नाही."

"वा!" अप्पा म्हणाले. "पूर्वी दोन खाती एकमेकांवर ढकलत होती. तेव्हा निदान दोघांतला एक तरी सापडण्याची भीती होती. तू दोघांनाही सोडवलंस."

खरमाट्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वर्गातही अशाच तापायच्या.

"मी सत्य शोधलं, अप्पा. ते कुणाच्या सोयीचं निघालं, हा माझा गुन्हा नाही."

अप्पांनी सालपटं गोळा केली, ओवरीच्या कडेला ठेवली. मग उठले. गुडघ्यावर हात देत कोनाड्यापाशी गेले आणि एक हळकुंड घेऊन आले. सोन्यासारखं पिवळंधमक, गुळगुळीत. बाजारात पहिल्या भावाला जाईल असं.

"हे बघ. कीड आहे?"

खरमाट्यांनी फिरवून पाहिलं. "नाही."

"बुरशी?"

"नाही. उत्तम माल आहे."

"मग हे लाव."

"...काय?"

"देवळामागं वाफा केलाय. लाव. चार दिवसांवर तीज आहे, मुहूर्त चांगला आहे."

"अप्पा, हे शिजवलेलं आहे. वाळवून पॉलिश केलेलं. हे कसं उगवेल?"

"उगवणार नाही?"

"पोरसुद्धा सांगेल."

"पण किडणार नाही."

"नाही."

"कुजणार नाही."

"नाही..."

"तू धाडलेला अहवाल मी काल रात्री वाचला, शिवदास." अप्पा पुन्हा खाली बसले. "उत्तम माल आहे."

केराबाई या वेळी हसली नाही. ती त्या हळकुंडाकडे पाहत होती.

"आमचं बी असंच केलं आमी," ती म्हणाली. "समदं बेणं. काहिलीत घातलं."

खरमाट्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"का घातलं, इचारा की, अप्पा. का म्हून आमी घरचं बेणं शिजवलं? आमाला काय याड लागलं हुतं?"

"केराबाई, सभेत सगळ्यांसमोर ठरलं होतं," खरमाटे म्हणाले. "दोन जातींची मिसळ नको म्हणून..."

"ठरलं न्हवतं. तुमी सांगितलं, आमी टाळ्या वाजवल्या. दोन्हीत लई फरक हाय, डागतर."

तिला ती सभा चांगली आठवत होती, आणि दुर्दैवानं खरमाट्यांनाही.

घाटमाथ्यावर बेणं विकत नाहीत. ज्याच्याकडे जास्त, तो ज्याच्याकडे कमी त्याला देतो. पण देण्याआधी एक रीत असते. देणारा आपल्या ढिगापाशी उभा राहतो, उजव्या तळहातावर बेलाचं पान ठेवतो, त्यावर चिमूटभर भंडारा, म्हणजे देवाची हळद. मूठ मिटतो आणि म्हणतो, 'माझ्या ढिगात सडकं नाही.' एवढंच. मग घेणारा टोपली भरतो. मूठ मिटायच्या आधी देणारा ढिगात हात घालून बघतोच बघतो. खोटा बेलभंडारा उचलला तर घराचा वंश बुडतो, अशी समजूत. पिढ्यान्‌पिढ्या त्या सात गावांत ना माशी आली ना बुरशी. रीतीमुळे आली नाही की देवामुळे, हे कुणी तपासलं नव्हतं.

सभेच्या दिवशी संस्थेच्या पोत्यांपुढे उंबरमाळचा म्हातारा पुजारी बेल आणि भंडारा घेऊन उभा राहिला, आणि खरमाट्यांपुढे ताट धरलं. आपण काय म्हणालो, ते खरमाट्यांना शब्दन्‌शब्द माहीत होतं. तेव्हा ते त्यांना फार चांगलं सुचल्यासारखं वाटलं होतं.

"'बाबा, महादेवाला बुरशी ओळखता येते का?'" केराबाईनं त्यांचा शहरी आवाज हुबेहूब काढला. "'या पोत्यांवर संस्थेचा शिक्का आहे. आता शपथा नकोत.' असं म्हनलात. आन् समदी हसली. मी बी हसले. पुजारी हसला न्हाई. ताट घिऊन माघारी गेला."

खरमाट्यांनी मांडीवरचा अहवाल सरळ केला.

"आमचं बेणं शिजलं तवा घमघमाट सुटला हुता गावभर. माझी सासू म्हनली, केरे, आज देवाची आठवण का येतीया? आन् कार्तिकात त्याच गावात नाक धरून हिंडलो. आता तीज आलीया. समद्या माथ्यावर हळद लागंल. उंबरमाळला टाकायला बोटभर बेणं न्हाई. आमची जात हुती ती, डागतर. आमच्या रानातली. आता कुठनं आनू?"

"आम्ही नवीन बेणं देतोय ना," खरमाटे म्हणाले. "उंबरमाळलासुद्धा. विनामूल्य."

"व्हय. त्येच."

"या वर्षी प्रक्रिया केलेलं आहे. प्रमाणित आहे."

"कोणी केलं प्रमाणित?" अप्पांनी विचारलं.

"संस्थेनं."

"संस्थेत कोणी?"

"समिती असते, अप्पा."

"समितीनं ढिगात हात घातला होता?"

खरमाटे उठले आणि हळकुंड कोनाड्यात परत ठेवून आले.

"डावा घातला की उजवा? माझ्याकडे शिकलास तेव्हा समितीला हात नव्हते. नवीन फुटले असतील म्हणून विचारतो."

अप्पांचा पहिला धडा तोच होता. सूक्ष्मदर्शक नंतर, आधी कोपरापर्यंत हात. निरोगी बेण्याचा ढीग आत गार असतो. आत कूज लागली की ढीग तापतो. वरून कितीही देखणा दिसो, हाताला ऊब लागते. वर्गातली पोरं नाक मुरडायची. खरमाटे नव्हते मुरडत. अस्तन्या वर करून सगळ्यात पुढे असायचे.

आज त्यांच्या शर्टाच्या अस्तन्या मनगटापर्यंत होत्या, बटणं लावलेली.

"शिवदास, माझी मान हवी आहे ना?"

"गावांच्या भल्यासाठी..."

"देतो. मला अहवाल नको. केराबाई, भंडारा आहे?"

केराबाईनं कनवटीची पुरचुंडी सोडली. अप्पांनी पिंडीवरचं एक बेलाचं पान उचलून आणलं. खरमाट्यांनी नकळत हात पुढे केला. गुरूनं काही दिलं तर घ्यायची सवय जुनी होती. तळहातावर पान आलं. पानावर पिवळी चिमूट आली.

"उंबरमाळला जे म्हणाला नाहीस, ते इथं म्हण. माझ्या ढिगात सडकं नाही. मूठ मीट. तू पायरी उतरायच्या आत मी सहा गावांना होकार धाडतो."

"अप्पा, ही काय पद्धत झाली? मी शास्त्रज्ञ आहे."

"म्हणून तर. वाक्य शास्त्रीय आहे. ढीग एक, प्रश्न एक, उत्तर हो की नाही. तुझ्या सगळ्या अहवालात एवढं स्वच्छ वाक्य नाही."

खरमाटे तळहाताकडे बघत राहिले. म्हटलं तर चार शब्द. देवावर त्यांचा विश्वास नव्हता. वंश वगैरे बुडण्यावर तर मुळीच नाही. मग जीभ का जड झाली? त्यांनी तोंड उघडलं.

"माझ्या... माहितीप्रमाणे ढिगात सडकं नाही."

"माहितीपरमानं न्हाई," केराबाई म्हणाली. "तसली शपथ आमच्या महादेवाला कळत न्हाई. त्यो अडाणी हाय."

"उपलब्ध नमुन्यांमध्ये..."

"ढिगात."

"संस्थेच्या ढिगात सडकं नाही."

"माझ्या," अप्पा शांतपणे म्हणाले.

"ढीग माझा नाही, अप्पा! संस्थेचा आहे! वरून आदेश येतात, उद्दिष्ट येतं, गाड्या ठरतात. मी एकटा..."

खरमाट्यांचा आवाज ओवरीत घुमला आणि गाभाऱ्यापर्यंत जाऊन परत आला. पारावरचं कबुतर उडालं.

"संयुक्त परिणाम," अप्पा म्हणाले.

उन्हाची तिरीप ओवरीत सरकली होती आणि नेमकी त्या उघड्या तळहातावर आली होती. घामानं भंडारा ओला झाला होता. मूठ मिटायची तर एक क्षण लागला असता. मूठ मिटली नाही.

खरमाट्यांनी पान हळूच उचललं आणि पायरीवर ठेवलं. रुमालानं हात पुसला. रुमाल पिवळा झाला, हात पिवळाच राहिला.

केराबाई उठली. सकाळपासून पहिल्यांदा. पदर झटकला, लुगड्याचा घोळ सावरला.

"अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली लई बघितली," ती कुणालाच उद्देशून म्हणाली. "चिमूटभर भंडाऱ्यानं पांढरं पडल्यालं आज बघितलं."

"केराबाई," अप्पा म्हणाले, "सहाही गावांना सांग, काहिली पेटवू नका. घरचंच बेणं लावा. आणि प्रत्येकानं एक एक टोपली उंबरमाळसाठी काढा. तुमच्या रीतीनं."

"देतील. पर लावू कुठं, अप्पा?" तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "आमची माती... त्यात आता त्या दोघी हाईत न्हवं? चांगलं बेणं बी खातील."

अप्पांनी उत्तर दिलं नाही. खरमाट्यांना उत्तर माहीत होतं. ती बुरशी मातीत किती वर्षं तग धरते, हे त्यांनीच अहवालाच्या मागच्या पानांत लिहिलं होतं. त्यांनीही दिलं नाही.

केराबाई दोघांची तोंडं बघून समजली. पायात वहाणा घातल्या आणि घाटाच्या वाटेला लागली. तिनं मागं वळून पाहिलं नाही; पाया पडायलाही ती विसरली.

खरमाट्यांनी अहवाल बगलेत घेतला. पायऱ्या उतरले. जीपच्या दारापाशी गेले आणि तिथून परत आले. हरल्यासारखं जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"तुम्ही होकार दिला नाहीत म्हणून माझं शास्त्र खोटं ठरत नाही, अप्पा. बरोबर आहे, असं तुम्हीच मघाशी म्हणालात. माशी एकटीनं एवढं करू शकत नाही. बुरशी एकटीनं करू शकत नाही. उंबरमाळचं रान दोघींनी मिळून खाल्लं. हे खरं आहे की नाही?"

"खरं आहे."

"मग?"

अप्पांनी पायरीवरचं बेलाचं पान उचललं. त्यावरचा ओला भंडारा पुसला नाही. तसंच ते कोनाड्यात, हळकुंडाशेजारी ठेवलं. मग घाटाकडे पाहिलं. वाटेवर केराबाईचं हिरवं लुगडं वळणाआड जात होतं.

"माशीला पंख आहेत, पण या घाटाचं एक वळणसुद्धा तिच्यानं चढवत नाही. बुरशी पाण्याबरोबर जाते, आणि पाणी वरून खाली येतं..." अप्पा म्हणाले. "गेल्या तिजेला दोघी बेण्याच्या गाडीत ताडपत्रीखाली बसून उंबरमाळला गेल्या. ती गाडी कुणी भरायला सांगितली, ते अजून कुणी बोललेलं नाही."